पाचामुखी परमेश्वर खरा, पण सहावा गप्प बसला असेल तर?

पुस्तकाची_खूण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्ही अकरा जण मिळून एक छोटं वाचनालय चालवतो. कुणाला पगार नाही, कुणी कुणाचा साहेब नाही. सुरुवातीलाच ठरवलं होतं की मतदान नको, सगळं सर्वानुमते करायचं. सहा वर्षं ते छान चाललं. आता कळतंय की छान चाललं, कारण अवघड विषयच कधी निघाला नाही.

मग भिंतीचा विषय निघाला. दाराजवळच्या भिंतीला जुन्या मासिकांचे बांधीव खंड आहेत, चारशेच्या आसपास. वर्षाकाठी कुणी चार खंड काढून पाहत असेल तर खूप झालं. ती भिंत मोकळी करून तिथे लहान मुलांचा कोपरा करायचा, असा प्रस्ताव आला. नऊ जण उत्साहात, दोघांचा विरोध. चार बैठका झाल्या. तेच मुद्दे, तीच माणसं, बोलायचा क्रमसुद्धा तोच.

चौथ्या बैठकीचा निमंत्रक मी होतो. उशीर झाला होता, दोघातिघांनी पिशव्या खांद्याला लावल्या होत्या. मी म्हटलं, "मग ठरलं ना? चालेल ना सगळ्यांना?" कुणी काही बोललं नाही. विरोध करणाऱ्या दोघांपैकी एक वयाने मोठे काका आहेत. ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. पुष्कळ वेळ पुसत होते. मी तो होकार धरला आणि इतिवृत्तात लिहिलं, "सर्वानुमते मंजूर".

पुढच्या बैठकीला दोघंही आले नाहीत. त्यापुढच्याही नाही. फोन केला तर काका म्हणतात तब्येत, ताई म्हणतात घरी काम. इकडे भिंतीचं काम कुणीच हातात घेत नाही. नऊ जणांना हवं होतं ना? मग खोकी भरायला एकही जण का येत नाही?

माझं काय चुकलं ते थोडंफार कळतंय. पण सर्वसहमती म्हणजे नक्की काय, आणि ती झाली हे ओळखायचं कसं?

सडेतोड

यात अवघड काय आहे? नऊ विरुद्ध दोन. हात वर करा, मोजा, घरी जा. हरणाऱ्यालाही कळतं की आपण हरलो, आणि किती मतांनी हरलो. त्यात एक स्वच्छपणा असतो.

सर्वानुमताचा हट्ट म्हणजे ज्याच्याकडे वेळ जास्त आणि भीड कमी, त्याच्या कमरेला किल्ल्या. पोलंडच्या सेइमचं काय झालं ते बघा. त्यांच्या संसदेत एका सदस्याने "मला मान्य नाही" म्हटलं की अधिवेशन संपलं, आणि त्या अधिवेशनात तोवर मंजूर झालेलंही सगळं रद्द. १६५२ मध्ये एका माणसाच्या हरकतीवर पहिल्यांदा असं अधिवेशन मोडलं. पुढे शेजारच्या सत्तांच्या लक्षात आलं की अख्खी संसद विकत घ्यायची गरज नाही, एक सदस्य पुरतो. १७७२ मध्ये देशाचा पहिला लचका गेला. १७९१ च्या राज्यघटनेने हा नकाराधिकार काढून टाकला खरा, पण १७९५ पर्यंत देशच नकाशावरून पुसला गेला.

तुमची भिंत त्या मानाने स्वस्तात सुटली.

मधलीसुट्टी

बाराव्या खेळाडूप्रमाणे पाणी घेऊन धाग्यात प्रवेश.

धागाकर्ते, चष्मा पुसणं हा होकार आहे की नकार, यावर आधी मतदान घ्या.

कासवगती

सडेतोड, पोलंडचं उदाहरण चोख आहे, पण अर्धंच सांगितलंत. त्याच सेइममध्ये एक पळवाट होती. सदस्यांनी आधी 'कॉन्फेडरेशन', म्हणजे आपसांत संघ, करून सभा भरवली की तिथे बहुमताने निर्णय घेता यायचे, एकट्याचा नकार चालत नसे. १७९१ ची घटना अशाच सभेतून आली. म्हणजे दोष "सगळ्यांचं ऐका" या कल्पनेत नव्हता. कारण न देता नकार देता येत होता, दोष त्यात होता.

धागाकर्त्यांनी विचारलंय की ओळखायचं कसं. इंटरनेट ज्या तांत्रिक मानकांवर चालतं त्यांतली बरीचशी ठरवणारी आयईटीएफ नावाची संस्था आहे. तिथे मतदान नाही. डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ मध्ये तिथे म्हटलं होतं की आम्ही राजे, अध्यक्ष आणि मतदान नाकारतो, आमचा विश्वास ढोबळ सहमतीवर आणि चालत्या कोडवर आहे. सभेचा अंदाज घ्यायला ते लोक हात वर करत नाहीत, चक्क गुणगुणतात. "हा पर्याय पसंत असणाऱ्यांनी हुंकार द्या." कुणी दिला ते दिसत नाही, पण कुठून किती आवाज आला ते कळतं. आणि तो हुंकार म्हणजे निर्णय नव्हे. चर्चा कुठून सुरू करायची याचा तो फक्त अंदाज.

यावर त्यांचा २०१४ चा एक दस्तऐवज आहे, आरएफसी ७२८२. मला त्यातला गाभा असा कळला: हरकतीचं निरसन झालं पाहिजे. हरकत मान्यच केली पाहिजे असं नाही. तो दस्तऐवज तर इथपर्यंत जातो की शंभर बाजूने आणि पाच विरोधात असले तरी सहमती झालेली नसू शकते. त्या पाचांनी खरी अडचण दाखवली आणि कुणी उत्तर दिलं नाही, तर शंभरांचा उपयोग काय? उलट पाच बाजूने आणि शंभर विरोधात असले तरी ढोबळ सहमती झालेली असू शकते, जर त्या शंभरांच्या एकमेव हरकतीला नीट उत्तर मिळालेलं असेल.

तेव्हा माझा एकच प्रश्न. तुमच्या त्या दोघांची हरकत नेमकी काय होती? पोस्ट तीनदा वाचली. भिंतीचे खंड मोजलेत, माणसं मोजलीत, बैठका मोजल्यात. हरकत कुठे लिहिलेली नाही.

पुस्तकाची_खूण (धागाकर्ता)

...

खरंच लिहिलेली नाही. काकांचं म्हणणं "जुनं टाकू नये" असं काहीतरी होतं. ताई म्हणत होत्या की ती जागा बरोबर नाही. का बरोबर नाही ते मला आत्ता आठवत नाहीये. चार बैठकांनंतर.

सडेतोड

बघा, हे मात्र मतदानातही झालं असतं. मुद्दा कासवगतींना दिला. अर्धा.

रातकिडा

मी गप्प बसणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण मी तोच आहे.

एका ठिकाणी काम करायचो तिथे दर आठवड्याला बैठक असायची. एकदा असा निर्णय चालला होता की पुढचे तीन महिने त्याचा त्रास मलाच होणार होता, आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. "कुणाला काही म्हणायचंय?" असं विचारलं गेलं. माझा हात वर निघाला. खांद्यापर्यंत आला. तेवढ्यात समोरच्याने लॅपटॉप मिटला, त्याचा खट्‌ असा आवाज झाला, आणि माझा हात तसाच पुढे जाऊन केस सारखे करून खाली आला. तीन महिने भोगलं. दोष कुणाला देऊ?

सॉलोमन ॲश यांचे १९५१ चे प्रयोग ऐकले असतील. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिलीएवढी कोणती ते सांगायचं. शेंबड्या पोरालाही येईल. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच फितवलेले, ते ठरवून एकच चुकीचं उत्तर देतात. अशा फेऱ्यांमध्ये खऱ्या सहभागींची जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं गटाच्या मागे जाऊन चुकली. हे रेघांच्या लांबीबद्दल, डोळ्यांसमोर दिसत असताना!

मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या गटात एकच माणूस बरोबर उत्तर देणारा ठेवला, तर ही री ओढण्याची सवय एकदम खाली आली. एकच माणूस पुरला.

म्हणून धागाकर्ते, तुमच्या दोघांपैकी ताई बोलल्या असत्या तर काकांनी चष्मा पुसला नसता, किंवा उलट. पिशव्या खांद्याला लावलेल्या लोकांसमोर पहिलं तोंड कुणी उघडायचं, एवढाच प्रश्न होता.

अनुस्वार

शब्दावर थोडं बोलू का? भाषेचा किडा चावलेला माणूस आहे.

आपण एकमत, सर्वानुमत, सहमती, संमती हे सगळे शब्द एकाच डब्यात टाकतो. एकमत म्हणजे मत एकच. अकरा डोक्यांत एकच मत, हे पाठांतराच्या वर्गाबाहेर कुठे आढळत नाही. पण "सर्वानुमते" या शब्दात मत नाही, अनुमत आहे, अनुमती आहे. सगळ्यांची अनुमती. "माझं मत वेगळं आहे, पण तुम्ही करा, माझी आडकाठी नाही" हे सर्वानुमतात बसतं, एकमतात बसत नाही. तुम्ही चार बैठका एकमत शोधत होता आणि इतिवृत्तात सर्वानुमत लिहिलंत. प्रत्यक्षात दोन्ही नव्हतं.

आता मौनाबद्दल. "मौनं संमतिलक्षणम्" हे आपण फार सोयीने वापरतो. बौद्ध भिक्षुसंघाच्या विनयातही, म्हणजे त्यांच्या नियमावलीतही, मौन म्हणजे संमती, पण कशी? प्रस्ताव आधी मांडायचा. मग महत्त्वाच्या कामात तो तीनदा घोषित करायचा, आणि प्रत्येक वेळी सांगायचं की ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प राहावं, ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावं. तीनदा बोलायची जागा देऊन झाली की मगच मौनाला किंमत. धागाकर्त्यांनी एकदा विचारलं, तेही "चालेल ना?" असं. त्या "ना"मध्येच उत्तर भरलेलं होतं.

आणि वाद मिटेचना तर त्यांच्याकडे बहुमताचीही सोय होती. शलाका, म्हणजे काड्या वाटायच्या आणि मोजायच्या. गुप्तपणे, कानात सांगून किंवा उघडपणे, असे तीन प्रकार. सडेतोडांना आवडेल.

सडेतोड

आवडलं. अडीच हजार वर्षांपूर्वी लोक माझ्या बाजूने होते.

मधलीसुट्टी

मला इटलीतल्या वितेर्बोच्या लोकांची पद्धत आवडते. १२६८ मध्ये पोप वारले आणि नवा पोप ठरवायला कार्डिनल मंडळी तिथे जमली. जवळपास तीन वर्षं ठरेचना. गावकऱ्यांनी त्यांना कोंडलं, आणि असं सांगतात की शेवटी इमारतीचं छप्परसुद्धा काढलं.

गंमत बाजूला ठेवू. छप्पर काढूनही लगेच जमलं नव्हतं. अखेर १२७१ मध्ये त्यांनी आपल्यातल्या सहा जणांना अधिकार दिला आणि त्या सहांनी निवड केली. म्हणजे "काय ठरवायचं" यावर जुळत नसेल, तर "कुणी ठरवायचं" यावर जुळतं का ते बघावं. अकरा जणांनी खंडांच्या प्रत्येक मुद्द्यावर बोलायलाच हवं का? त्या दोघांना आणि नऊपैकी दोघांना एकत्र बसवा, पंधरा दिवस द्या, जे आणतील ते बाकीच्यांनी ऐकायचं.

तिरकीरेघ

सगळे सहमतीचे गोडवे गाताहेत, म्हणून मी थोडं मीठ टाकते.

क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या लोकांचं उदाहरण अशा चर्चेत नेहमी येतं, अजून कसं आलं नाही? सतराव्या शतकापासून त्यांच्या सभांत मतदान नाही. सभेचा लेखनिक सगळ्यांचं ऐकतो, सभेचा कल शब्दांत मांडतो, तिथेच लिहितो आणि तिथेच वाचून दाखवतो. लोक म्हणाले "हो, हेच", तर निर्णय झाला. नाही म्हणाले तर पुन्हा लिहायचं, नाहीतर पुढच्या सभेपर्यंत थांबायचं. पद्धत देखणी आहे, यात वाद नाही.

पण हे बघा. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या काही जणांनी लिहून दिलं की माणसं विकत घेणं आणि गुलाम ठेवणं चूक आहे. तो कागद मासिक सभेतून त्रैमासिक सभेत, तिथून वार्षिक सभेत वर वर सरकत गेला आणि बाजूला ठेवला गेला. विषय फार मोठा आहे, म्हणून. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांविरुद्ध ठाम पाऊल उचललं. आणि सदस्याने गुलाम बाळगायचेच नाहीत, हा निर्णय १७७६ मध्ये झाला. अठ्ठ्याऐंशी वर्षं.

त्याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. इतर बऱ्याच धर्मसंस्थांच्या आधी ते तिथे पोचले, आणि जॉन वुलमनसारखी माणसं वर्षानुवर्षं गुलाम ठेवणाऱ्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून बोलत राहिली. हळू झालं, पण पक्कं झालं.

तरी माझा प्रश्न उरतोच. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची किंमत सभेत बसलेल्यांनी मोजली का? ज्यांनी मोजली ते सभेत नव्हतेच. "अजून सहमती झालेली नाही" हे वाक्य ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण न ठरवणं हाही निर्णयच असतो, जे आहे ते चालू ठेवायचा. तुमच्या भिंतीचंच घ्या. चार बैठका मुलांबद्दल बोलणं चाललंय, आणि त्यातलं एकही मूल बैठकीत नाही. नसेनात का, पण त्यांची बाजू कोण मांडतंय?

कासवगती

तिरकीरेघ, हे मी विसरणार नाही. माझ्याकडे उत्तर नाही.

थोडं शेजारचं लिहितो. जागतिक व्यापार संघटनेत सहमतीची व्याख्याच अशी आहे की निर्णयाच्या वेळी उपस्थित असलेल्या कुठल्याही सदस्याने औपचारिक हरकत घेतली नाही, तर सहमती झाली. करारात मतदानाची सोयसुद्धा आहे, पण ती जवळजवळ वापरतच नाहीत. परिणाम काय? तिथल्या अपील मंडळावर नवे सदस्य नेमायला अमेरिका सहमती देईना, जुन्यांची मुदत संपत गेली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये मंडळावर एकच सदस्य उरला. सुनावणीला तीन लागतात. घोडं तिथेच अडलं.

याउलट २०१० मध्ये कानकूनच्या हवामान परिषदेत एकट्या बोलिव्हियाचा विरोध होता. अध्यक्षपदी मेक्सिकोच्या पात्रिसिया एस्पिनोसा होत्या. सहमती म्हणजे एका देशाला नकाराधिकार नव्हे, असं म्हणून त्यांनी हातोडा आपटला आणि निर्णय मंजूर केला. बरोबर केलं का? बोलिव्हियाला विचाराल तर उत्तर वेगळं येईल.

रातकिडा

म्हणजे वेळेची अट घालायची? "अमुक तारखेपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर तीन चतुर्थांश मतांनी"?

कासवगती

मीही एका गटात तसं करून पाहिलं. अडचण अशी आली की मतदान मागच्या दाराशी उभं आहे हे माहीत असलं की बहुसंख्य बाजू ऐकायचंच सोडून देते. कॅलेंडर बघत बसते. आणि मतदान अजिबात नसेल तर अल्पसंख्य बाजू बसून राहते. कुणाला तरी घड्याळ मिळतंच.

त्यातल्या त्यात बरं काय वाटलं सांगतो. नकार द्यायला बंदी नाही, पण नकार द्यायचा तर कारण लिहून द्यायचं. अपाचेच्या सॉफ्टवेअर प्रकल्पांत असंच चालतं. कोडमधल्या बदलाला कुणी 'वजा एक' दिला की तो बदल थांबतो, पण तांत्रिक कारण नसलेला वजा एक धरत नाहीत. साध्यासुध्या गोष्टींसाठी तर "मी हे करतोय" असं कळवायचं आणि निदान ७२ तास थांबायचं. कुणी हरकत घेतली नाही तर पुढे जायचं. प्रत्येक खिळ्याला बैठक नाही.

आमच्या गटात मी कारण लिहायचा नियम आणला तेव्हा अर्धे नकार तिथेच विरघळले. उरलेल्या अर्ध्यांपैकी बरेचसे योग्य निघाले, हे मला तितकंसं आवडलं नव्हतं.

मधलीसुट्टी

आम्ही बोटं वापरतो. सगळ्यांनी एकदम हात वर करायचा. पाच बोटं म्हणजे मीच पुढाकार घेतो, चार म्हणजे पसंत, तीन म्हणजे चालेल, दोन म्हणजे काही प्रश्न आहेत, एक म्हणजे फारसं पटलेलं नाही पण अडवणार नाही, आणि मूठ म्हणजे थांबा. एकदम दाखवायची हे महत्त्वाचं, नाहीतर शेजाऱ्याची बोटं बघून आपली उघडतात. (रातकिड्याला केस सारखे करायला वेळच मिळत नाही.)

यातून फार मजेशीर गोष्टी बाहेर येतात. एकदा एका प्रस्तावावर एकही मूठ नव्हती. सगळ्यांना आनंद. मग कुणीतरी नीट पाहिलं तर सगळीकडे तीन तीन बोटं. पाच कुणाचीच नाही. म्हणजे विरोध कुणाचाच नाही आणि करणार कुणीच नाही. धागाकर्ते, तुमची खोकी का भरली जात नाहीत ते बघा जरा.

तिरकीरेघ

याला अबिलीन विरोधाभास म्हणतात. जेरी हार्वे यांनी १९७४ मध्ये लिहिला. टेक्ससमधलं एक कुटुंब भर उन्हात, वातानुकूलन नसलेल्या गाडीतून ५३ मैलांवरच्या अबिलीनला जेवायला जाऊन येतं. परतल्यावर कळतं की जायचं कुणालाच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं बाकीच्यांना जायचंय. मतभेद सांभाळता येत नाहीत म्हणून गट मोडतात असं आपण समजतो. इथे मतभेद नव्हतेच. सहमती होती, फक्त ती उलट बाजूची होती, आणि ती कुणी बोलून दाखवली नाही.

पुस्तकाची_खूण (धागाकर्ता)

धागा काढून नऊ दिवस झाले. आधी सगळ्यांचे आभार.

मी बैठक बोलावली नाही. आधी दोघांना वेगवेगळं भेटलो. कासवगतींनी विचारलेला प्रश्न वहीत लिहून नेला होता, आणि ठरवून गेलो होतो की उत्तर द्यायचं नाही, फक्त त्यांच्या शब्दांत लिहून घ्यायचं आणि त्यांनाच वाचून दाखवायचं. हे त्या क्वेकर लेखनिकाचं उचललं.

काका आधी तब्येतीबद्दलच बोलले. मग म्हणाले, "ते खंड गेले तरी मला काही नाही." मी चाटच पडलो. मग हळूहळू निघालं. त्या खंडांची विषयवार सूची त्यांनी हाताने केली आहे, कार्डांवर. ती कार्डं त्याच कपाटाच्या खालच्या खणात आहेत. खंड गेले की खणही जाणार. पहिल्या बैठकीत त्यांनी "सूची" हा शब्द दोनदा उच्चारला होता म्हणे. आम्ही सगळे "जुनं टाकू नये" असंच ऐकत राहिलो. मी लिहिलेलं वाचून दाखवलं, तर म्हणाले, "'भावना' हा शब्द काढ. ही भावना नाही, काम आहे." काढला.

ताईंचं म्हणणं चार ओळींचं. दार आत उघडतं. लहान मुलं जमिनीवर बसतात. दार उघडणाऱ्याला खाली बसलेलं मूल दिसत नाही. कोपऱ्याला विरोध नाही, त्या जागेला आहे. मी विचारलं की बैठकीत हे असं सांगितलं होतंत का. म्हणाल्या, "सांगायला घेतलं होतं. तू म्हणालास, तपशील नंतर बघू."

मी म्हणालो असेन.

सडेतोड

मतदानात ते दार आत उघडणारं राहिलं असतं. माझा अर्धा मुद्दाही घ्या.

पण एक सांगतो, आता बैठकीत तुम्ही अध्यक्षपदी बसू नका. तुमची बाजू ठरलेली आहे आणि सगळ्यांना ती माहीत आहे. १९६१ मध्ये क्यूबावरच्या आक्रमणाचा बेत केनेडींच्या सल्लागारांनी असाच माना डोलावून पार पाडू दिला आणि तो फसला. इर्विंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलंय. पुढच्याच वर्षी क्षेपणास्त्रांचा पेच आला तेव्हा केनेडी काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहिले, लोकांनी मोकळं बोलावं म्हणून.

पुस्तकाची_खूण (धागाकर्ता)

बैठक झाली. सडेतोडांचं ऐकून निमंत्रकपद आमच्यातल्या सगळ्यात नव्या सदस्याकडे दिलं. तिने सुरुवातीलाच दोघांच्या हरकती वाचून दाखवल्या आणि म्हणाली, "आज प्रस्तावावर बोलायचं नाही. या दोन अडचणींवर बोलायचं." पाऊण तास झाला तरी नेहमीचे मुद्दे निघाले नाहीत, कारण ते काढायला जागाच नव्हती.

दार बाहेर उघडेल असं करता येत नाही, बाहेर अरुंद जिना आहे. त्यामुळे कोपरा समोरच्या, खिडकीखालच्या भिंतीशी. तिथली उंच कपाटं दाराजवळ येतील. खंडांपैकी सूचीत ज्यांच्या नोंदी आहेत ते ठेवायचे, बाकीचे घेणारी संस्था मिळाली तर द्यायचे. सूची काका आणि दोन जण मिळून संगणकावर चढवणार. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं.

शेवटी बोटं. सहा जणांची चार, काकांची पाच (!), तिघांची तीन. आणि एकाची मूठ. हा त्या नऊपैकी एक, पहिल्यापासून सगळ्यात उत्साही. त्याचं म्हणणं, खिडकीखाली दुपारचं ऊन थेट येतं, मुलं बसणार नाहीत, आणि पडद्याचा विचार कुणी केलेला नाही. पंधरा मिनिटं त्यावर गेली. त्याची मूठ एका बोटावर आली, त्यापुढे नाही. म्हणाला, "करा, मी अडवत नाही. पण माझं म्हणणं लिहा."

इतिवृत्त मीच लिहिलं. सवयीने "सर्वानुमते मंजूर" लिहून गेलो, मग थांबलो. आत्ता कागदावर असं आहे: "दहा सदस्यांना मान्य. एका सदस्याची हरकत अशी की खिडकीखाली दुपारी ऊन येते व मुले बसणार नाहीत. पडदा लावून एक महिन्याने पाहण्याचे ठरले. सदर सदस्याने निर्णय अडवलेला नाही."

अनुस्वार, याला सर्वानुमते म्हणता येईल का?

अनुस्वार

म्हणता येईल. पण तुम्ही लिहिलंय तेच ठेवा. तो एक शब्द घातलात तर पुढच्या माणसाला ऊन कळणार नाही.

मधलीसुट्टी

आणि काका? चष्मा?

पुस्तकाची_खूण (धागाकर्ता)

या वेळीही पुसला. मी विचारलं, "काका, काही म्हणायचंय?" म्हणाले, "नाही रे. काच खराब आहे."